शाळेतून आलेली चिठ्ठी

शाळा सुटते, मूल घरी येते, दप्तर खाली टाकते आणि वहीत घडी घालून ठेवलेला एक कागद आईच्या हाती देते. कागदावर मुलाचे नाव असते, इयत्ता असते, 'उजवा' आणि 'डावा' असे दोन शब्द असतात, त्यांच्यापुढे 6/9, 6/24 असे काही आकडे असतात आणि शेवटी एक ओळ असते : 'पुढील तपासणीसाठी नेत्रतज्ज्ञांकडे दाखवावे.' सकाळपर्यंत जे मूल अंगणात चेंडू झेलत होते, त्याच्याकडे आई त्या क्षणापासून निराळ्या नजरेने पाहू लागते. ते पुस्तक जरा जवळ धरते की काय? परवा उंबऱ्याला ठेचकाळले ते कशामुळे? वडील कचेरीतून आले म्हणजे भिंतीवरचे कॅलेंडर दाखवून म्हणतात, "ती तारीख वाच बघू, बाळ." मूल घडाघडा वाचते. वडिलांचा जीव भांड्यात पडतो. मुलाने तारीख वाचली ती दोन्ही डोळे उघडे ठेवून, ही गोष्ट त्या वेळी कोणाच्याच ध्यानात येत नाही. आजी मात्र आपला निर्वाळा देऊन मोकळी होते : "आपल्या घराण्यात लहानपणी कोणालाही चष्मा नव्हता हो!"

आजीचे म्हणणे खोटे असेलच असे नाही. फक्त त्या घराण्यात लहानपणी कोणाचे डोळे कोणी तपासले नव्हते, एवढेच. निरोगी दिसणाऱ्या, कसलीही तक्रार नसलेल्या मुलाला रांगेत उभे करून त्याची दृष्टी मोजावयाची आणि जे आढळेल ते घरी लिहून कळवावयाचे, ही प्रथा माणसाच्या इतिहासात फार जुनी नाही. तिचे वय जेमतेम सव्वाशे वर्षांचे आहे. आणि त्या कागदाबरोबर घरात येणारी चिंता, हीसुद्धा तेवढ्याच वयाची आहे.

मराठी भाषेने या बाबतीत एक पुरावा जपून ठेवला आहे. चष्म्याला आपल्याकडे 'चाळिशी' म्हणत असत, आणि जुन्या पिढीतील माणसे अद्यापही म्हणतात. माणूस चाळिशीला आला म्हणजे पोथीची अक्षरे पुसट दिसू लागत, मग तो नाकावर 'चाळिशी' चढवी. चष्मा हा शब्दच वयाचा निदर्शक होता. युरोपातही गोष्ट याहून निराळी नव्हती. तेराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत जे पहिले चष्मे झाले, ते बहिर्गोल भिंगांचे, म्हणजे उतारवयात वाचता यावे म्हणून केलेले. दूरचे न दिसणाऱ्यांसाठी अंतर्गोल भिंगे आली ती पंधराव्या शतकात. तेव्हा सात वर्षांच्या मुलीच्या नाकावर चष्मा पाहून आजीला गलबलून येते, ते केवळ रूपाच्या काळजीने नव्हे. तिच्या मनातील काळाचा क्रमच उलटा झालेला असतो. रूपाची आणि लग्नाची काळजीही असतेच. 'चष्मेवाली मुलगी' हे शब्द स्थळ पाहताना किती घरांतून दबक्या आवाजात उच्चारले गेले असतील, त्याची गणती नाही. आणि त्या एका भीतीपायी किती मुलींच्या चिठ्ठ्या ट्रंकेच्या तळाशी जाऊन बसल्या असतील, त्याचीही नाही.

चिठ्ठीवरील आकड्यांचे मूळ हॉलंडमधील उत्रेख्त या गावी आहे. तेथे फ्रान्सिस्कस डोंडर्स नावाचे विख्यात नेत्रवैद्य होते आणि त्यांचे सहकारी होते हर्मान स्नेलेन. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने 1851 साली डोळ्याच्या आत डोकावण्याचे उपकरण जगापुढे ठेवले होते. पण डोळा आतून कसा आहे हे कळणे वेगळे आणि त्या डोळ्याला किती दिसते हे कळणे वेगळे. त्यापूर्वी वैद्य हाताशी असेल ते पुस्तक किंवा वृत्तपत्र रोग्यापुढे धरीत. एका गावचे माप दुसऱ्या गावी चालत नसे. स्नेलेन यांनी 1862 साली जो तक्ता प्रसिद्ध केला, त्यात अक्षरांची उंची मनास येईल तशी धरली नव्हती. ठराविक अंतरावरून पाहिले असता अक्षराने डोळ्याशी पाच कलांचा कोन करावा (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) असा त्यांचा हिशेब होता. सहा मीटरांवरून हा हिशेब केला, तर सर्वांत महत्त्वाच्या ओळीतील अक्षर नऊ मिलिमीटरांहूनही किंचित लहान येते. ज्यांना अक्षरओळख नाही त्यांच्यासाठी इंग्रजी 'ई'च्या आकाराचे चिन्ह वर, खाली, उजवीकडे, डावीकडे तोंड करून छापण्याची युक्ती निघाली. त्याची बोटे कोणीकडे आहेत एवढे हाताने दाखविले की पुरे. कोकणातील खेड्यापासून आसामच्या चहामळ्यापर्यंत हे चिन्ह आज सारख्याच उपयोगाचे आहे, कारण त्याला कोणतीच भाषा लागत नाही.

या आकड्यांनी मात्र आईबापांची मोठी फसगत केली आहे. 6/18 हा आकडा अपूर्णांकासारखा लिहितात, आणि शाळेत गणित शिकलेला बाप तो अपूर्णांकासारखाच वाचतो. सहा छेद अठरा म्हणजे एक तृतीयांश; म्हणजे मुलाची दोन तृतीयांश दृष्टी गेली! वस्तुतः त्याचा अर्थ एवढाच की, निरोगी डोळा जी ओळ अठरा मीटरांवरून वाचील, ती या डोळ्याला सहा मीटरांवर यावे तेव्हा वाचता येते. हे अंतराचे माप आहे. किती दृष्टी उरली याचा तो ताळेबंद नव्हे. योग्य भिंग पुढे धरताच तोच डोळा पुष्कळदा 6/6 ची ओळ वाचून दाखवितो. ज्यांनी चिठ्ठ्यांचे नमुने तयार केले, त्यांना त्या आकड्यांखाली हे एक वाक्य छापण्याचे सुचावयास हरकत नव्हती.

माप हाती आले म्हणजे मोजण्याची हौस आलीच. तेव्हा जर्मन प्रदेशात असलेल्या आणि आज पोलंडमध्ये व्रोत्सवाफ नावाने ओळखल्या जाणाऱ्या ब्रेस्लाउ नगरात हर्मान कोन नावाच्या नेत्रवैद्याने शाळाशाळांतून हिंडून 10,060 मुलामुलींचे डोळे तपासले आणि आपले निष्कर्ष 1867 साली ग्रंथरूपाने मांडले. ते वाचून सुशिक्षित पालकांची झोप उडाली असल्यास नवल नाही. खेड्यातील शाळांत ऱ्हस्वदृष्टीची मुले शेकडा दीडाहूनही कमी होती; शहरातील प्राथमिक शाळांत ती शेकडा सहा-सातांवर गेली; आणि ज्या उच्च विद्यालयांतून राष्ट्राचे पंडित व अधिकारी तयार होत, तेथे शेकडा सव्वीस भरली. जितके शिक्षण अधिक, तितकी दूरची नजर कमी! कोन यांनी दोष ठेवला तो अंधाऱ्या वर्गांवर, बेढब बाकांवर आणि बारीक छपाईवर. बाकांचा दोष त्यांनी थोडा वाढवून सांगितला असे आज म्हणावे लागेल. उजेडाविषयी त्यांना जे वाटले, ते मात्र सव्वाशे-दीडशे वर्षांनी नव्या संशोधनाने निराळ्या वाटेने पुन्हा पुढे आणले आहे. आनुवंशिकता आणि सततचे जवळचे काम यांच्या जोडीला घराबाहेरील प्रकाशाचा अभाव हेही ऱ्हस्वदृष्टीचे एक कारण मानले जाते, आणि मुलांनी दिवसाकाठी काही वेळ उघड्यावर काढावा असा सल्ला आता नेत्रतज्ज्ञच देतात. पूर्वी हाच सल्ला आजी देत असे, पण तिला आधार विचारण्याची पद्धत होती.

कोन यांच्या कामातून एक प्रश्न मात्र उभा राहिला, आणि तो वैद्यकाचा नव्हता, राज्यकारभाराचा होता. जे सरकार मुलाला कायद्याने शाळेत बसविते, त्या सरकारवर त्या मुलाच्या डोळ्यांची काही जबाबदारी येते की नाही? अमेरिकेतील कनेक्टिकट राज्याने 1899 साली याला कायद्याने उत्तर दिले. शिक्षकांना तक्ते पुरवावयाचे, त्यांनी मुलांची दृष्टी तपासावयाची आणि ज्याच्यात दोष आढळेल त्याच्या पालकांना तसे लेखी कळवावयाचे. शाळेतून घरी जाणारी चिठ्ठी अशा रीतीने कायद्याच्या पोटी जन्मास आली. कळविण्याचे बंधन होते. कळल्यावर पालकांनी काय करावे, याविषयी मात्र ती मूकच होती.

या मौनाचा खरा अनुभव इंग्लंडला आला. बोअर युद्धाच्या वेळी सैन्यभरतीस आलेले तरुण मोठ्या संख्येने नापास झाले, तेव्हा राष्ट्राच्या देहाविषयी तेथे काळजी निर्माण झाली. त्यातून 1907 चा कायदा झाला आणि पुढील वर्षापासून प्राथमिक शाळांतील मुलांची वैद्यकीय तपासणी स्थानिक शिक्षणमंडळांचे कर्तव्य ठरली. कर्तव्य ठरली ती तपासणी. उपचार करणे हे मंडळाच्या मर्जीवर राहिले. कायद्याच्या भाषेतील हा बारीक फरक गिरणीत आणि गोदीत राबणाऱ्या घरांवर केवढा मोठा होऊन पडला! मुलाचे डोळे वाईट आहेत असा कागद घरी येई, धर्मादाय इस्पितळांपुढे रांगा लागत आणि चष्म्याचे पैसे आणावे कोठून, हा प्रश्न आई रात्री चुलीपुढे बसून सोडवीत राही. 1909 साली आणखी एक कायदा झाला. त्याने शाळेमार्फत झालेल्या उपचाराचा खर्च, ऐपत असेल तर, पालकांकडून वसूल करण्याचे ठरविले. उपचाराची तरतूद हेही मंडळांचे कर्तव्य व्हावयास 1918 साल उजाडावे लागले. आणि 1948 मध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली तेव्हा कोठे मुलाचा चष्मा हा घरखर्चाचा विषय राहिला नाही. दोष दाखविणारा हात आणि तो दूर करणारा हात यांच्यामध्ये चाळीस वर्षांचे अंतर पडले.

ज्या 1909 साली इंग्लंड वसुलीचा कायदा करीत होते, त्याच वर्षी हिंदुस्थानात शाळकरी मुलांची पहिली वैद्यकीय तपासणी झाली. ती झाली बडोदा शहरात. हा योगायोग नव्हे. सयाजीराव गायकवाडांनी 1893 पासून अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग चालविला होता आणि 1906 साली ती सक्ती सर्व राज्यास लागू केली होती. सक्ती आली की तिच्यापाठोपाठ जबाबदारी येते, हे ज्या कारभाराला उमगले, तो कारभार एका मराठी राजघराण्याचा होता, याची आठवण बडोद्यातील जुन्या मराठी कुटुंबांना सुखावणारी आहे. परंतु बडोदे म्हणजे देश नव्हे. 1943 मध्ये नेमलेल्या भोर समितीने 1946 साली आपला अहवाल दिला, तेव्हा देशात शालेय आरोग्यसेवा जवळजवळ नाहीच, असेच तिला नमूद करावे लागले. स्वातंत्र्यानंतर 1960 साली श्रीमती रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखाली शालेय आरोग्य समिती नेमली गेली. तिचा अहवाल पुढील वर्षी आला. अहवाल चांगला होता. चांगल्या अहवालांचे जे होते, तेच बहुतांशी त्याचेही झाले.

डोळ्यांपुरते बोलावयाचे तर खरी हालचाल 1976 साली सुरू झालेल्या अंधत्व नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमाने केली. त्याचे लक्ष प्रारंभी मोतीबिंदूकडे, म्हणजे आजोबांच्या डोळ्यांकडे होते. नातवंडांची पाळी 1994 साली आली. तेव्हापासून शाळेतील शिक्षकांना तक्ता, सहा मीटरांची दोरी आणि थोडे शिक्षण देऊन पहिली चाळणी त्यांच्याकडे सोपविली गेली. तिच्यात जी मुले मागे राहतील ती नेत्रसाहाय्यकाकडे जावयाची, आणि गरजू मुलांना चष्मा मोफत मिळावयाचा. पुढे 6 फेब्रुवारी 2013 रोजी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला तो पालघर येथे, जे तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. आता पथके अंगणवाडीपर्यंत जातात आणि अठरा वर्षांपर्यंतची मुले त्यांच्या कक्षेत येतात. मुलाला वरच्या रुग्णालयात पाठविण्याला सरकारी मराठीत 'संदर्भ सेवा' म्हणतात. काव्याला संदर्भ असतो हे सर्वांना ठाऊक आहे. पण मुलाला 'संदर्भित' केले असे ऐकल्यावर आई गोंधळली, तर दोष तिच्या मराठीचा नव्हे.

'चाळणी' हा शब्द येथे नीट समजून घेण्यासारखा आहे. चाळणी धान्याचा निवाडा करीत नाही. काही दाणे बाजूला काढते, इतकेच. त्यांतले किती खरोखर किडके आणि किती नुसतेच जाड, हे नंतर सुपात घेऊन पाहावे लागते. शाळेच्या ओसरीवरील तपासणीत काय काय घडते ते शिक्षकांना विचारावे. एखादे मूल पुढच्याचे ऐकून ओळ पाठ करते. एखादे डोळ्यावर तळहात ठेवते आणि बोटांच्या फटीतून पाहते. एखादे नुसते घाबरते आणि येत असलेलेही सांगत नाही. याहून विलक्षण गोष्ट डोंडर्स यांनी 1864 च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात विशद केली होती : लहान मुलाच्या डोळ्यातील भिंग इतके लवचीक असते की, दीर्घदृष्टीचा दोष ते स्वतः ताण सोसून झाकून टाकते. असे मूल तक्ता अचूक वाचते आणि संध्याकाळी डोके धरून बसते. म्हणजे चाळणीतून पार झालेला प्रत्येक जण निर्दोष नव्हे, आणि वर राहिलेला प्रत्येक जण दोषीही नव्हे.

म्हणूनच दुसरी तपासणी लागते, आणि तिची पद्धत पाहून आईबाप अधिकच धास्तावतात. मुलाच्या डोळ्यांत थेंब घालतात, बाहुल्या मोठ्या होतात, जवळचे सारे धूसर दिसू लागते. 'दिसत होते तेही गेले' असे वाटण्याचा तो क्षण असतो. या थेंबांतील जुने औषध ॲट्रोपिन. बेलाडोना या वनस्पतीतून ते 1830 च्या सुमारास वेगळे काढले गेले. बेलाडोना हे आपल्या धोतऱ्याचे भावंड. त्याच्या अंगीही हेच द्रव्य आहे, आणि दोन्ही वांग्याबटाट्याच्या कुळातली. ज्या धोतऱ्याची फुले महादेवाला वाहतात आणि ज्याच्या बिया मुलांच्या हाती लागू देत नाहीत, त्याच विषाच्या मोजक्या थेंबाने डोळ्याचा ताण काही काळ सैल होतो आणि झाकलेला दोष उघडा पडतो. ॲट्रोपिनचा परिणाम आठवडाभर आणि त्याहूनही अधिक टिकतो. एखाद्या दिवसात ओसरणारी औषधेही आता वापरतात. त्यानंतर तज्ज्ञ एक प्रकाशरेषा मुलाच्या बाहुलीवरून फिरवितो, आतून परतणारी सावली कोणत्या दिशेने सरकते ते पाहतो आणि भिंगे बदलत ती स्थिर करतो. फ्रान्समधील कुइन्ये या लष्करी वैद्याने 1873 साली ही रीत वर्णन केली. तिचे मोठेपण असे की, मुलाला काहीही विचारावे लागत नाही. पाठांतर, भीती, संकोच, खोडसाळपणा, सारे बाजूला राहते आणि डोळा स्वतःच साक्ष देतो.

ही साक्ष वेळेवर घ्यावयास हवी, याचे कारण मात्र गंभीर आहे. एका डोळ्याचा दोष दुसऱ्याहून पुष्कळ अधिक असेल, अथवा एक डोळा तिरळा असेल, तर मेंदू त्या डोळ्याकडून येणाऱ्या चित्राकडे दुर्लक्ष करावयास शिकतो. यालाच आळशी डोळा म्हणतात. नाव अन्यायाचे आहे, कारण आळस डोळ्याचा नसतो. मूल तक्रार करीत नाही, कारण दुसरा डोळा सगळे काम चालवून घेतो. फ्रान्सचे निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँ यांनी 1743 सालीच सुचविले होते की, चांगला डोळा झाकून ठेवावा म्हणजे दुसऱ्याला कामास लागणे भाग पडेल. का, ते मात्र ठाऊक नव्हते. ते हूबेल आणि वीझेल या शास्त्रज्ञांनी मांजराच्या पिलांवर 1960 नंतरच्या काळात केलेल्या प्रयोगांनी दाखविले. कोवळ्या वयात एक डोळा बंद राहिला, तर मेंदूतील त्याची जागा दुसरा डोळा बळकावतो. 1981 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. सातव्या-आठव्या वर्षापर्यंत या उपचाराला चांगले फळ येते. त्यानंतर ते कमी होत जाते, अजिबात येत नाही असे मात्र नाही. क्वचित याहून कठीण असेही काही आढळते. तान्ह्या किंवा अगदी लहान मुलाच्या बाहुलीत पांढरी चमक दिसली, तर जन्मजात मोतीबिंदू किंवा डोळ्यातील अर्बुद असू शकते, आणि तेथे आठवडेही मोजावे लागतात. अशी मुले थोडी असतात. चिठ्ठी सर्वांना सारखीच छापलेली असते.

आईबाप ती वाचतात तेव्हा आपले मूल कोणत्या गटातील, हे त्यांना ठाऊक नसते, आणि लिहिणाऱ्या शिक्षकालाही नसते. बहुतेक चिठ्ठ्यांचा शेवट चष्म्याच्या नंबरात होतो, काहींचा 'डोळे उत्तम आहेत' या शेऱ्यात. पण तो शेरा मिळेपर्यंतचे दिवस घरात लांबत जातात. जिल्ह्याच्या गावी जावयाचे तर एका दिवसाची मजुरी बुडते, एस.टी.चे भाडे पडते, धाकट्याला शेजारी ठेवावे लागते. चष्मा मोफत असतो. तो दिवस मोफत नसतो.

जिल्हा रुग्णालयाच्या नेत्रविभागापुढील बाकावर सकाळपासून अशी पुष्कळ कुटुंबे बसलेली दिसतात. परिचारिका दर काही वेळाने येऊन थेंब घालून जाते. थेंब चुरचुरतात, मुले कुरकुरतात, पाटीवरची अक्षरे विरघळत चालली म्हणून काही हसतातही. आत नाव पुकारले जाते. वडील टोपी सावरून उठतात, आणि बाहेर येतात तेव्हा त्यांच्या हातातील शाळेच्या त्याच कागदावर खाली आणखी दोन ओळी लिहिलेल्या असतात : भिंगाचा नंबर, आणि सहा महिन्यांनंतरची तारीख. बाहेर दुपारचे ऊन असते. मोठ्या झालेल्या बाहुल्यांना ते सोसत नाही, म्हणून आई पदर मुलाच्या कपाळावर धरते आणि तिघेही स्टँडच्या वाटेला लागतात.